उजळाईवाडीच्या विमानतळाशी कापड व्यापाऱ्याचा काय संबंध?

कोल्हापुरात कापडाचा धंदा करणाऱ्या कोणालाही विमानतळाबद्दल विचारा, तो हसून म्हणेल, "अहो, आमचा माल ट्रकने जातो. विमानाशी आमचा काय संबंध?" गांधीनगरच्या घाऊक पेठेत हेच ऐकू येते, महाद्वार रोडवर हेच आणि इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांच्या बैठकीतही हेच. आमच्या व्यापारी बांधवांचे हे म्हणणे खोटे नाही. सुती कापडाचा गठ्ठा विमानाने पाठवू लागलो तर भाड्यातच मुद्दल जाईल. पण ही बाजू मालाची झाली. दुसरी बाजू गिऱ्हाइकाची आहे आणि तिचा हिशेब आमच्या लोकांनी अजून मांडलेला नाही.

समजा, बेंगळुरूचा एखादा तयार कपड्यांचा कारखानदार इचलकरंजीचे कापड पाहू इच्छितो. बेंगळुरू येथून सुमारे सहाशे किलोमीटर आहे. रात्रीच्या बसने निघाला तर एक रात्र येण्यात, एक दिवस माल पाहण्यात आणि दुसरी रात्र परतण्यात जाते. ज्याच्या हाताखाली चारशे शिलाई यंत्रे आहेत तो माणूस स्वतः येत नाही, दलालाला पाठवतो. दलाल आला की त्याची दलाली आली, आणि भाव तोंडासमोर न ठरता टेलिफोनवर ठरू लागला. उलट तोच कारखानदार दीड तासात येऊन उतरला तर स्वतः कापड हातात घेतो, ताका उलगडून पाहतो, धाग्याचा नंबर विचारतो आणि सौदा करून जातो. मालकाने मालकाशी केलेल्या सौद्याला वेगळीच बरकत असते. ज्याने तो केला आहे त्याला हे सांगावे लागत नाही.

आमच्यापैकी काही मंडळी मालाच्या खरेदीसाठी चीनमधील यीवू येथे जाऊन आली आहेत. बटणे, लेस, खेळणी, कटलरी अशा किरकोळ मालाची ती जगातील मोठी पेठ. या गावाला १९९१ पासून विमानतळ आहे. तेथला माल विमानाने जात नाही, तो कंटेनरमध्ये भरून निंगबो बंदरातून बोटीने जातो. विमानाने उतरतो तो खरेदीदार, इराणपासून मोरोक्कोपर्यंतचा. पेठेला गिऱ्हाईक आणून देणारे साधन म्हणून त्या गावाने विमानतळाकडे पाहिले. आमच्या गांधीनगरच्या पेठेपासून उजळाईवाडीचा विमानतळ अवघ्या काही किलोमीटरवर आहे. दुसऱ्या महायुद्धात वळिवडे येथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. त्याच जागी फाळणीनंतर सिंधी बांधव येऊन वसले आणि त्यांनी ही पेठ उभी केली. निर्वासितांनी शून्यातून उभी केलेली पेठ आणि तिच्या शेजारी विमानतळ, असा योग फार थोड्या गावांच्या वाट्याला येतो.

तेव्हा विमानतळ कसा चालतो, कशाने बंद पडतो आणि आम्हाला त्यातून काय मागावयास हवे, हे समजून घेतले पाहिजे.

संस्थानापासून प्राधिकरणापर्यंत

कोल्हापूरला विमानतळ ही काही कालची गोष्ट नाही. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ साली येथे विमाने उतरू लागली. जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपालाचे विमान आणले ते १९३२ साली. म्हणजे त्यानंतर सातच वर्षांत आमचे संस्थान या कामात उतरले होते. स्वातंत्र्यानंतर मात्र गाडी रेंगाळली. राज्य सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने नवी धावपट्टी बांधली आणि १९८७ साली विमानतळ सुरू झाला. त्या काळी वायुदूत या सरकारी कंपनीची छोटी विमाने येत. ती कंपनी १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. १९९७ साली विमानतळ औद्योगिक विकास महामंडळाकडे गेला आणि २०१३ साली भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे.

मध्यंतरी किंगफिशरचे मुंबईचे विमान होते. ते २०११ च्या अखेरीस थांबले आणि २०१२ साली ती कंपनीच जमिनीवर बसली. त्यानंतर २०१८ पर्यंत उजळाईवाडीच्या माळावर नियमित प्रवासी विमान उतरले नाही. सहा-सात वर्षे! धावपट्टी होती, कर्मचारी होते, कुंपण होते, फक्त विमान नव्हते. उर्दूत विमानतळाला 'हवाई अड्डा' म्हणतात. अड्डा म्हणजे जेथे येणे-जाणे चालू असते अशी जागा. येणे-जाणे थांबले की अड्डा संपला, मग तेथे कितीही उंच इमारत असो.

हे सांगण्याचे कारण असे की १० मार्च २०२४ रोजी नव्या इमारतीचे उद्घाटन झाले, तेव्हा पंतप्रधानांनी आझमगडहून एकाच वेळी पुणे, कोल्हापूर, दिल्ली, लखनौ, जबलपूर अशा अनेक ठिकाणच्या इमारती खुल्या केल्या. कोल्हापूरची इमारत देखणी आहे. दगडी कमानी पाहून गावाची आठवण होते. लोक सहकुटुंब पाहावयास गेले, फोटो काढून आले. पण दुकानाचा दर्शनी भाग संगमरवरी केला म्हणून गिऱ्हाईक टिकत नाही, हे कापडवाल्याला कोणी शिकवावयास नको. विमान येते की नाही हे ज्या गोष्टींवर ठरते त्या इमारतीच्या मागे आहेत.

घाट चढणारा ट्रक आणि धावपट्टी

१९८७ ची धावपट्टी १३७० मीटरची होती. पुढे ती वाढवली गेली आणि आराखडा २३०० मीटरचा झाला. हे मीटर कशासाठी लागतात?

आंबा घाट चढणारा भरलेला ट्रक ज्याने पाहिला आहे त्याला हे लगेच समजेल. रिकामा ट्रक चढून जातो. भरलेल्या ट्रकला लांबून वेग घेऊन यावे लागते, नाहीतर अर्धा माल खाली उतरवावा लागतो. विमानाचे तसेच आहे. उजळाईवाडीचा माळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. उंचावर हवा विरळ आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तापल्यावर आणखी विरळ. विरळ हवेत इंजिनाला जोर कमी मिळतो, पंखांना उचल कमी मिळते, म्हणून जमिनीवर जास्त धावावे लागते. धावपट्टी तेवढी लांब नसेल तर वैमानिकाला वजन कमी करावे लागते, म्हणजे प्रवासी कमी किंवा सामान कमी. सत्तर-अठ्ठ्याहत्तर आसनांचे पंख्याचे एटीआर विमान आखूड धावपट्टीवर चालते. पावणेदोनशे-एकशे ऐंशी माणसांचे एअरबस विमान पूर्ण भरून उडवायचे तर दोन हजार मीटरच्या वर धावपट्टी हवी.

तिकिटाचा भाव येथेच ठरतो. विमान मोठे असले की खर्च जास्त माणसांत वाटला जातो. २०१८ साली केंद्राच्या 'उडान' योजनेत एअर डेक्कनचे मुंबईचे विमान सुरू झाले तेव्हा ते १८ आसनांचे होते. अठरा माणसांवर वैमानिक, इंधन, दुरुस्ती आणि विमानतळाचे शुल्क वाटून किती वाटणार?

शेजाऱ्याकडेही पाहावे. बेळगावच्या सांबरा विमानतळाची धावपट्टी २३०० मीटरची आहे. तेथे नवी इमारत सप्टेंबर २०१७ मध्येच खुली झाली. बेळगाव आमच्यापासून सुमारे ११० किलोमीटर, तेही एकाच महामार्गावर. गोव्यात मोपा येथून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. कागल, निपाणी, गडहिंग्लजच्या माणसाला बेळगाव सोयीचे वाटले तर तो इकडे का येईल? आणि बेळगावात उतरलेला खरेदीदार शहापूर-वडगावच्या पेठेतच खरेदी उरकून का जाणार नाही?

पावसाळा, दिवे आणि आकाशातली वाट

नोव्हेंबर २०२२ मध्ये उजळाईवाडीला रात्री विमान उतरवण्याची परवानगी मिळाली. त्याआधी सूर्य मावळला की विमानतळ बंद. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही परवानगी नव्या इमारतीपेक्षा मोठी घटना आहे. रात्री उतरता येत असेल तर माणूस सकाळी जाऊन, काम उरकून, रात्री घरी येऊन जेवू शकतो. दिवसाउजेडीच परतायचे असेल तर मुंबईत दोन तासांचेही काम होत नाही. आमचे वालिद मरहूम मुळजी जेठा मार्केटात खरेदीला महालक्ष्मी एक्स्प्रेसने जात. रात्री बसत, सकाळी उतरत, दिवसभर काळबादेवीत फिरत आणि पुन्हा रात्रीच्या गाडीने परत. दोन रात्री गाडीत गेल्या तरी दुकान एकच दिवस बंद राहत असे. विमानाने जाऊन मुंबईत मुक्काम करावा लागला तर रेल्वेच बरी.

दिव्यांचा प्रश्न सुटला तरी पावसाचा राहतो. जून ते सप्टेंबर येथे ढग खाली उतरतात. धावपट्टी डोळ्यांनी दिसल्याशिवाय उतरता येत नसेल तर विमान घिरट्या घालून परत जाते. मोठ्या विमानतळांवर यासाठी आयएलएस नावाची यंत्रणा असते. जमिनीवरून दोन रेडिओ-किरण सोडले जातात. एक सांगतो, धावपट्टीच्या डावीकडे आहात की उजवीकडे. दुसरा सांगतो, उतरण्याच्या रेषेच्या वर आहात की खाली. ही यंत्रणा महाग आणि तिची देखभालही महाग.

यावर भारताने स्वतःचा एक उपाय काढला आहे, त्याचे नाव 'गगन'. भारतीय अंतराळ संशोधन संस्था आणि विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून तो तयार केला. उपग्रहावरून मिळणाऱ्या स्थानात थोडी चूक असते. जमिनीवरची केंद्रे ती चूक मोजतात आणि आपल्या उपग्रहांमार्फत दुरुस्ती विमानाला कळवतात. मग प्रत्येक छोट्या विमानतळावर महागडी यंत्रे उभारावी लागत नाहीत. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानात किशनगड येथे इंडिगोचे एटीआर विमान 'गगन'च्या आधारे उतरवून पाहण्यात आले. अजमेर शरीफला जाणाऱ्यांना संगमरवराचे हे गाव ठाऊक आहे. मोठ्या शहरांच्या आधी किशनगडसारख्या छोट्या विमानतळावर हा प्रयोग व्हावा, ही आमच्यासारख्यांसाठी महत्त्वाची बातमी होती. वर्तमानपत्रांत ती चार ओळींत आली.

पावसाळ्याचे आम्ही उगाच सांगत नाही. काही वर्षांपूर्वी बाहेरगावचा एक खरेदीदार आमच्याकडे यावयाचा होता. शर्टिंगच्या कापडाची बोलणी महिनाभर चालली होती, नमुने पसंत पडले होते, फक्त माग पाहून बयाणा द्यावयाचा राहिला होता. जुलै महिना. त्याचे विमान ऐनवेळी रद्द झाले. कंपनीने त्याचे पैसे परत केले, पण निरोप विमानतळावर पोहोचल्यावर दिला. त्याने दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली नाही, भिवंडीला गेला आणि तेथेच सौदा केला. पावसावर रागावून उपयोग नाही आणि त्या कंपनीशी भांडूनही उपयोग नव्हता. पण आमच्या चार यंत्रमागधारकांचे तीन महिन्यांचे काम त्या दिवशी गेले. त्यांच्या कांडीवाल्यांचे आणि जॉबरचे काम त्याबरोबर गेले. विमानतळाच्या यंत्रणेचा आणि कारागिराच्या रोजीचा संबंध हा असा आहे.

आकाशातली वाट म्हणजे केवळ दिवे आणि किरण नव्हेत. ७ नोव्हेंबर २०२५ च्या सुमारास दिल्ली विमानतळावर संदेश वाटणारी संगणक-यंत्रणा बिघडली. प्रत्येक विमान कोणत्या वाटेने, किती उंचीवरून, किती वाजता जाणार याचा कागद नियंत्रकांच्या टेबलावर आपोआप पोहोचवणारी ही यंत्रणा, थोडक्यात आकाशाचे टपालखाते. ते बंद पडताच नियंत्रकांना सारे हाताने लिहून करावे लागले आणि आठशेहून अधिक उड्डाणांना उशीर झाला. टपालखाते एका शहरात बिघडले आणि प्रवासी साऱ्या देशात ताटकळले. देशात २०१४ साली ७४ विमानतळांवरून विमाने चालत होती, आता ती संख्या दीडशेच्या वर गेली आहे. २०२४ मध्ये देशांतर्गत विमानांनी १६ कोटींहून अधिक लोकांनी प्रवास केला. दुकाने दुप्पट झाली तर गोदाम, मुनीम आणि हिशेबाच्या वह्याही त्या प्रमाणात वाढाव्या लागतात.

मुंबईची वेळ

कोल्हापूरकरांची सर्वांत जुनी मागणी मुंबईच्या विमानाची. ती वारंवार पुरी झाली आणि वारंवार तुटली. २०१८ मध्ये एअर डेक्कन, २०१९ मध्ये ट्रूजेट, ऑक्टोबर २०२२ मध्ये स्टार एअर. मुंबईत अडचण वेळेची आहे. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासात पंचेचाळीसच्या आसपास विमाने चढतात-उतरतात. सकाळी आठची वेळ एकशे ऐंशी प्रवाशांच्या दिल्लीच्या विमानाला द्यावी की पन्नास-सत्तर प्रवाशांच्या कोल्हापूरच्या, असा प्रश्न आला की उत्तर ठरलेले असते. छोट्या गावाला उरलीसुरली वेळ मिळते. आणि दुपारी पोहोचणारे विमान व्यापाऱ्याच्या कामाचे नाही, कारण तेव्हा बाजारात निम्मे सौदे झालेले असतात.

येथे नवी मुंबईचा विमानतळ उपयोगी पडावा. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले, २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने सुरू झाली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय आहे. काळबादेवीला जाणाऱ्याला तो दूर पडेल हे खरे. पण न्हावा शेवा बंदर, वाशीची बाजारपेठ, पनवेल आणि तळोजा यांच्याशी ज्यांचे काम आहे त्यांना तो जवळचा. निर्यातीच्या कागदपत्रांसाठी बंदरावर फेऱ्या मारणारे आमच्यात थोडे नाहीत. सकाळची वेळ मुंबईत मिळत नसेल तर नवी मुंबईत मागावी आणि ती आताच मागावी. नव्या पेठेत पहिली दुकाने ज्यांनी घेतली त्यांनाच कोपऱ्याची जागा मिळते.

अनुदान संपल्यावर

आता सर्वांत नाजूक गोष्ट. 'उडान' योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली आणि एप्रिल २०१७ मध्ये शिमल्याहून तिचे पहिले विमान उडाले. मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवून निधी गोळा करायचा, त्यात राज्यानेही वाटा घालायचा आणि छोट्या मार्गांवर विमान कंपनीची तूट तीन वर्षे भरून द्यायची, अशी ही व्यवस्था. बदल्यात निम्म्या आसनांचे भाडे बांधलेले. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला २५०० रुपये अशी मर्यादा होती. राज्यांनी अशा विमानतळांवर विमानाच्या इंधनावरील कर दहा वर्षे एक टक्क्याच्या आत ठेवायचा, हेही ठरले.

योजना चांगली, पण हिशेब पाहा. कॅगच्या २०२३ च्या अहवालानुसार पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग वाटले गेले, त्यांतील ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यांतील ११२ मार्गांनीच तीन वर्षांची मुदत पुरी केली. मुदतीनंतर मार्च २०२३ पर्यंत तग धरून राहिले ते अवघे ५४. हे आकडे वाचून ज्याला उधारीचा धंदा ठाऊक आहे तो समजून जाईल. पहिली तीन वर्षे भांडवल दुसऱ्याचे असते, खरे गिऱ्हाईक कोण ते चौथ्या वर्षी कळते. मुंबई-कोल्हापूर विमान 'उडान'मध्ये ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाले, त्याची तीन वर्षे ऑक्टोबर २०२५ ला भरली.

शिवाय विमान कंपन्यांचा भरवसा काय? किंगफिशर गेली, २०१९ मध्ये जेट गेली, २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांमुळे इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. देशातले साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी एकाच कंपनीच्या विमानाने जातात, तेव्हा तिला सर्दी झाली की साऱ्या देशाला शिंका येतात. एकाच आडत्यावर सगळा माल सोपवू नये असे जुने लोक सांगत. प्रवासाचेही तसेच आहे.

मग विमान टिकते कशाने? आमच्या येथे आजवर त्याला मोठा आधार यात्रेकरूंचा मिळाला. २०१९ मध्ये तिरुपतीचे विमान सुरू झाले तेव्हा बालाजी आणि अंबाबाई या दोन्ही दर्शनांची सांगड घालणारे लोक त्यात बसू लागले. त्यांचे आभारच मानावयास हवेत, त्यांच्या तिकिटांवर विमानतळ जागा राहिला. हज आणि उमऱ्याला जाणारे आमचे लोक मात्र अजून मोटारी करून रात्रभर प्रवास करीत मुंबई गाठतात. एके काळी ते मुंबईहून बोटीने जात, १९९५ नंतर बोटी बंद झाल्या आणि सारे विमानावर आले. कोल्हापूरहून मुंबईपर्यंत विमानाने जावे तर सामानाची अडचण. देशांतर्गत विमानात साधारण पंधरा किलोची मर्यादा, आणि उमऱ्याहून परतणाऱ्याजवळ झमझमचा कॅन, खजुराच्या पेट्या आणि साऱ्या मोहल्ल्यासाठी जानमाज! ही मर्यादा जोडप्रवासाच्या तिकिटात सोडवता येते, पण त्यासाठी टूरवाल्यांनी दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर काढली पाहिजेत.

यात्रेकरू हंगामी असतो. वर्षाचे बाराही महिने विमान भरणारा प्रवासी म्हणजे व्यापारी. २०२१ मध्ये अहमदाबादचे विमान सुरू झाले तेव्हा हे दिसून आले. इचलकरंजीचे ग्रे कापड प्रोसेससाठी गुजरात-राजस्थानकडे जाते, तिकडच्यांची येथे येजा असते. त्यांच्यासाठी हे विमान म्हणजे थेट पेढीच्या दारापर्यंत आलेली गाडी होती.

थोडा माल विमानाचाही

गठ्ठे विमानाने जाणार नाहीत असे आम्ही वर म्हटले. पण काही वस्तू वजनाला हलक्या आणि किमतीला किंवा घाईला भारी असतात. हुपरीचे चांदीचे दागिने, शिरोळकडच्या हरितगृहातली फुले, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून पसंतीसाठी जाणारे नमुने, आमच्या कापडाची नमुना-पुस्तके. इचलकरंजीत बिनधोट्याचे एअरजेट आणि रेपियर माग आले आहेत, त्यांचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड जळाला की माग बंद. तो बोर्ड मुठीत मावतो, पण तो येईपर्यंत माग आणि मजूर दोन्ही बसून राहतात.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्रादाने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला आमचे नाव न घेता मांडल्या, गदारोळ झाला आणि जुलै २०२५ मध्ये त्यांची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. परदेशी गिऱ्हाईक असे अचानक येते आणि त्याला वेळ थोडा असतो. त्याला आणणारे विमान हवे, आणि चार जोड नमुने त्याच आठवड्यात पाठवता येतील अशी मालाची खिडकीही हवी. त्यासाठी क्ष-किरण तपासणी, सुरक्षा खात्याची मान्यता असलेला एजंट आणि छोटीशी शेड, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि अनेक दिवस ट्रकच्या रांगा जागच्या हलल्या नाहीत. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. उजळाईवाडीचा माळ उंच आहे. रस्ता बुडाला तरी तो बुडत नाही.

ज्यांची जमीन गेली

धावपट्टी हवेत लांबत नाही. गडमुडशिंगीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी तिच्यासाठी घेतल्या गेल्या. नेर्ली-तामगावकडच्या लोकांचा रोजचा रस्ता विस्तारात अडला आणि त्यांना वळसा घेऊन जाण्याची वेळ आली. त्यांच्या तक्रारीला विकासविरोध म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण या गावांतले लोक सकाळी सायकलवर भाजी, दूध घेऊन शहरात येतात, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पाळीवर जातात आणि संध्याकाळी आमच्याच दुकानांतून लुगडी-धोतरे नेतात. मोबदला वेळेवर, पर्यायी रस्ता डांबराचा आणि विमानतळावरील टॅक्सी, उपाहारगृह, साफसफाई, सामानवाहतूक या कामांत त्या घरांतल्या मुलांना पहिली संधी, एवढे तरी व्हावयास हवे. व्यापाऱ्यांच्या संघटनेने स्वतःच्या मागण्यांबरोबर ही मागणीही लिहिली तर तिला वजन येईल.

प्रत्येक विमानतळाला खासदारांच्या अध्यक्षतेखाली एक सल्लागार समिती असते. तेथे चेंबरची, उद्योजकांची माणसे जातात. आमचे छोटे व्यापारी आणि कारागीर तेथपर्यंत पोहोचत नाहीत, आणि पोहोचले तरी हातात कागद नसतो. "विमान हवे" म्हणणारे शंभर असतात, "आमच्या पेठेतून महिन्याला इतकी तिकिटे निघतील" असे लिहून देणारा एकही नसतो. विमान कंपनीला मात्र दुसराच कागद हवा असतो. दहा पेढ्यांनी मिळून एका मार्गाची महिन्याची तिकिटे आगाऊ एकत्र घेतली तर भावही कमी मिळतो आणि कंपनीलाही मुदतीनंतर मार्ग चालू ठेवण्याचे कारण मिळते. आम्ही सूत याच रीतीने एकत्र खरेदी करतो, तिकिटे का नाही?

आमच्या पेढीवर आम्ही कीर्दीच्या शेवटी एक वेगळे पान सुरू केले आहे. बाहेरगावचा गिऱ्हाईक आला की तारीख, गाव, कशाने आला, विमानाने आला असल्यास कोणत्या मार्गाने, विमान वेळेवर होते की रद्द झाले, सौदा किती मीटरचा झाला आणि विमान नसल्यामुळे कोण आला नाही, हे त्यात लिहितो. गांधीनगर, इचलकरंजी, हुपरी आणि चप्पल लाइनमधील बांधवांनी असेच पान आपल्या वहीत ठेवावे. सहा महिन्यांनी ती पाने एकत्र करून चेंबरमार्फत सल्लागार समितीपुढे ठेवता येतील. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, मोडीत लिहिणारा कोणी जुना मुनीम उरला असेल तर त्याने मोडीत लिहावे. मात्र तारीख आणि मीटर यांचे आकडे स्पष्ट हवेत.